पुढचा डिस्क ब्रेक सुटत नाहीये, कॅलिपर घरीच उघडायचाय. हत्यारं काय काय लागतील?

घोडबंदरचा_बबन

नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय.

गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, २०१३ची, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) वगैरे काही नाही. पुढे २८० एमएमची डिस्क, दोन पिस्टनचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), मागे ड्रम. राहायला मानपाडा, ऑफिस महापे, म्हणजे रोज आधी घोडबंदर रोडची धूळ खायची, मग कळवा-विटावा करत ठाणे-बेलापूर रोडला लागायचं आणि पावसाळ्यात विटाव्याच्या सबवेत पाणी तुंबलं की त्यातनंच कडेकडेने गाडी काढायची. ऑफिसला गाडी उघड्यावर उभी असते.

तर प्रॉब्लेम असा की लिव्हर सोडली तरी पुढचे पॅड डिस्कला धरूनच बसतात. ऑफिसला पोचल्यावर डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकले तर चर्र करून उडून जातात, तव्यावर टाकल्यासारखे. संध्याकाळी पार्किंगमधून गाडी मागे घेताना वाटतं कोणीतरी पुढचं चाक धरून ठेवलंय. गेल्या दिवाळीआधी एका गॅरेजमध्ये सील किट बदलून घेतलं, होळीपर्यंत ब्रेक लोण्यासारखा होता, मग हळूहळू जड व्हायला लागला आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की परत पहिले पाढे पंचावन्न. आता तोच मेकॅनिक म्हणतो कॅलिपरच गेला, अख्खा नवीन टाका. मला ते पटत नाहीये. तुटलेलं काही दिसत नाही, गळत पण नाही.

माझ्याकडे पान्यांचा सेट आहे, एलन की आहेत, पकड, हातोडी आणि आईने टाकून दिलेले तीन टूथब्रश. कंप्रेसर नाही. पिस्टन बाहेर कसे काढायचे? ग्रीस कुठलं लावायचं? आणि हे सगळं बिल्डिंगच्या पोडियम पार्किंगमध्ये बसून करायचंय, सेक्रेटरी काका रविवारी सकाळी दहाला राउंडला येतात, त्याआधी पसारा आवरायला लागेल.

राईडर_कळवा

भावा नवीन कॅलिपर टाक आणि मोकळा हो. ब्रेकशी खेळ नको. इंजिन बंद पडलं तर ढकलत नेता येतं, ब्रेक नाही लागला तर काय करणार?

तेलकट_हात_नेरूळ

कळवा भाईंचं म्हणणं चूक नाही पण नवीन कॅलिपर टाकून पण ब्रेक चिकटलाच तर? बबन, आधी कॅलिपरच दोषी आहे का ते बघ. पाना हातात घ्यायच्या आधी एक टेस्ट कर, फुकट आहे.

गाडी मेन स्टँडवर घे, इंजिनाखाली लाकडी ठोकळा किंवा छोटा जॅक लावून पुढचं चाक उचल (ठोकळा नीट बसलाय ना ते दोनदा बघ, पावणेदोनशे किलोच्या वरचं धूड आहे ते). ब्रेक पाच-सहा वेळा दाबून सोड, चाक जाम झालं पाहिजे. आता कॅलिपरच्या एअर काढायच्या निपलला पारदर्शक नळी लाव, दुसरं टोक बाटलीत सोड आणि निपल पाव आटा ढिला कर. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं तर समज की प्रेशर वरती अडकतंय, म्हणजे मास्टर सिलेंडर (लिव्हरजवळचा पंप) नाहीतर होज (तिथून खाली येणारी ऑइलची नळी), कॅलिपर बिचारा निर्दोष. निपल उघडून पण चाक तसंच घट्ट राहिलं तर मात्र पिस्टन नाहीतर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्यात.

वरती अडकतंय असं निघालं तर पुढच्या वेळी निपलऐवजी मास्टर सिलेंडरकडचा होजचा बोल्ट थोडा ढिला करून बघायचा. तिथे सुटलं तर मास्टर. तिथे उघडून पण सुटलं नाही आणि खाली निपल उघडल्यावरच सुटलं तर होज आतून फुगलाय. बाहेरून रबर चकाचक दिसतं पण आतून भोक बंद होत आलेलं असतं, मग दाबताना जोरात ऑइल जातं आणि परत यायला वेळ लावतं.

माझ्या आधीच्या गाडीला मी दोन किट टाकली, शेवटी निघालं काय तर मास्टर सिलेंडरमधलं, ऑइल टाकीत परत जायचं भोक बुजलेलं. सुईच्या टोकाएवढं भोक असतं ते. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून लिव्हर हळूच दाबली की ऑइलमध्ये बारीक कारंजं दिसलं पाहिजे, नसेल दिसत तर भोक बंद आहे. गिटारची सगळ्यात बारीक तार घालून साफ केलं, सात मिनिटांचं काम.

अनघा_ऐरोली

अजून एक कारण, माझ्यासोबत झालेलं म्हणून लिहिते. मी ऑनलाइनवरून ती आखूड रंगीत लिव्हर मागवून लावली होती. तिचा आतला दट्ट्या मूळच्या लिव्हरपेक्षा किंचित लांब होता, त्यामुळे लिव्हर सोडली तरी मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता आणि ते वर म्हटलंय ते परतीचं भोक कायम झाकलेलं राहायचं. जसजसं ऑइल गरम होऊन फुगेल तसतसा ब्रेक आपोआप लागत जायचा. ऐरोलीच्या पुलावर गाडी चक्क उभी राहिली होती, मागून डंपर हॉर्न मारतोय. दहा मिनिटं थंड झाली की परत चालू. तेव्हा लिव्हरला टोकाला थोडा ढिलेपणा आहे ना ते बघ. आणि टाकीत ऑइल काठोकाठ भरलं असेल तरी हेच होतं, गॅरेजवाले कधीकधी प्रेमाने गच्च भरून देतात.

पंपवाला_पिंट्या

कॅलिपर काढून रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेव, सकाळी पिस्टन आपोआप ढिले. वर डब्ल्यूडी-४० मार. कार्ब्युरेटर पण मी असाच साफ करतो.

तेलकट_हात_नेरूळ

पिंट्या, कार्ब्युरेटर वेगळा आणि हे वेगळं. ब्रेकमधलं रबर ग्लायकॉलवाल्या ऑइलसाठी बनवलेलं असतं, त्याला पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल यातलं काहीही लागलं की ते फुगतं. फुगलेलं सील म्हणजे परत जाम ब्रेक. जुनी सील फेकायचीच आहेत तोवर ठीक आहे म्हणशील, पण पेट्रोल आतल्या बारीक वाटांमध्ये राहतं आणि नवीन सील आली की त्यांना लागतं. साफ करायला ताजं ब्रेक ऑइल घे, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरवाल्यांकडे असतं ते. बाहेरून चिखल काढायला साबणाचं पाणी बेस्ट, फक्त नंतर पूर्ण सुकव.

पंपवाला_पिंट्या

बरं बरं 🙏 मी तर आत्तापर्यंत दोन गाड्यांना केलंय. आता त्या दोघांना फोन करतो.

घोडबंदरचा_बबन

टेस्ट केली. निपल उघडला, थेंब-थेंब ऑइल आलं, तेही कटिंग चहाच्या रंगाचं, आणि चाक जाम ते जामच. कारंजं पण दिसलं, लिव्हर कंपनीचीच आहे. म्हणजे कॅलिपरच ना? की अजून काही बघू?

रिटायर्ड_फिटर_रबाळे

बबन, कॅलिपरच आहे. आता जरा शांतपणे वाच, मी एका बोटाने टाइप करतो.

आधी ते सील करतं काय ते समजून घे म्हणजे तुझं गेल्या वर्षीचं किट का टिकलं नाही ते कळेल. लोकांना वाटतं सीलचं काम फक्त ऑइल अडवणं. तसं नाही. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते. ते काम सीलच करतं. सील कापलं तर आतून चौकोनी दिसेल, आपल्या ओ-रिंगसारखं गोल नाही. तू ब्रेक दाबलास की पिस्टन पुढे सरकतो आणि सीलची आतली कड पिस्टनला घट्ट धरून त्याच्याबरोबर थोडी पिळली जाते. लिव्हर सोडलीस की पीळ सुटतो, सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेऊन येतं. तेवढीच जागा पॅड आणि डिस्कमध्ये असते. पॅड झिजले की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि तिथून नवीन जागा पकडतो, म्हणून डिस्क ब्रेकला ॲडजस्टमेंट नसते.

आता पिस्टनच्या प्रत्येक भोकात दोन खाचा असतात. आतली ऑइलच्या सीलची, बाहेरची धुळीच्या सीलची. बाहेरच्या खाचेत पावसाचं पाणी, खाडीकडची खारट हवा, रस्त्यावरची घाण शिरते आणि ॲल्युमिनियमला पांढरा क्षार धरतो. तो क्षार सीलच्या पाठीमागे साठतो आणि सीलला पिस्टनवर दाबत जातो. सील चांगलंय, पिस्टन चांगलाय, पण मागून कोणीतरी गळा आवळतंय असं होतं. तुझ्या मेकॅनिकने जुनं सील उपटलं, नवीन बसवलं, खाच कोरली नाही. चार महिने नव्या रबराच्या जोरावर चाललं. खाच साफ करायला एका कॅलिपरला तास-दीड तास जातो, गॅरेजमध्ये तेवढा वेळ देऊन कोणाला परवडत नाही, त्याला पण दोष देत नाही मी.

खाच साफ करायला धारदार स्टीलचं काही वापरू नकोस, कडेला चरा पडला की ऑइल गळणार. मी पितळेची जाड तार ठोकून चपटी करतो, टोक कानसीने सरळ करतो आणि नव्वद अंशात वाकवतो, छोट्या कुदळीसारखं. तिने खाचेचा तळ आणि दोन्ही कोपरे खरवडायचे. कोपरे महत्त्वाचे. मग टूथब्रश, मग अल्कोहोल, मग परत बघायचं, मोबाइलचा टॉर्च लावून. साफ झालं की नाही याची परीक्षा अशी की नवीन सील कोरडंच खाचेत घाल आणि बोटाने गोल फिरव. साफ खाचेत ते सहज फिरतं आणि सगळीकडून सारखंच वर येतं. एका जागी उंच लागलं तर तिथे खाली क्षार शिल्लक आहे, काढ बाहेर आणि परत कोर.

पिस्टन बघ. क्रोमचा मुलामा असतो. जिथे सील घासतं त्या पट्ट्यावर नख फिरव. नख अडकलं तर पिस्टन बदल, पॉलिश पेपर मारून वाचवायला जाऊ नकोस, मुलामा गेला की खालचं लोखंड दोन पावसात गंजतं. नुसता डाग असेल तर मऊ फडक्यावर धातूचं पॉलिश घेऊन पुसलं तरी जातो, नंतर अल्कोहोलने धू.

कंप्रेसरची गरज नाही, तुझ्या गाडीवरच पंप आहे. होज सोडवायच्या आधी लिव्हर मारूनच पिस्टन बाहेर आण. आणि हो, मोठे बोल्ट (होजचा बँजो, पॅडची पिन, निपल) कॅलिपर गाडीवर घट्ट असतानाच एकदा ढिले करून परत हलके आवळून ठेव. खाली काढल्यावर हातात धरून ते सुटत नाहीत, मग माणूस व्हाइस शोधत फिरतो.

राईडर_कळवा

काका भारी लिहिलंय 👌 पण पंक्चरवाल्याकडे हवा मारून पिस्टन एका सेकंदात निघतो की, एवढा खटाटोप कशाला?

रिटायर्ड_फिटर_रबाळे

निघतो. गोळीसारखा निघतो. आमच्या टूलरूममध्ये एका पोराने कॅलिपर डाव्या हातात धरून बोट समोर ठेवून हवा मारली होती. बोट वाचलं, नख गेलं. हवा दबते आणि एकदम सुटते, ऑइल दबत नाही म्हणून ते हळूहळू ढकलतं, हा फरक आहे. अगदीच अडला असेल तर निपलच्या जागी त्याच आट्यांचा ग्रीस निपल लावून ग्रीस गनने ढकलायचा, पाहिजे तेवढा जोर मिळतो आणि काही उडत नाही. फक्त नंतर ते ग्रीस कणभर पण आत राहता कामा नये.

अनघा_ऐरोली

बबन, दोन पिस्टनमध्ये एक गंमत होते ती आधीच सांगून ठेवते. जो ढिला असतो तोच पळत बाहेर येतो आणि अडकलेला जागचा हलत नाही. ढिला पूर्ण निघाला की तिथून सगळं ऑइल बाहेर, मग दुसऱ्याला ढकलायला प्रेशरच नाही. त्यामुळे ढिल्याला सी-क्लॅम्प आणि लाकडाची फळी लावून दाबून धरायचं, अडकलेला बाहेर आणायचा, मग क्लॅम्प काढून दोघांना बरोबरीने. अगदी काठावर आले की हाताने फिरवत ओढायचे. टाकीत ऑइल संपू देऊ नकोस. आणि टाकीवर (पेट्रोलच्या) ओलं जुनं फडकं अंथर, ब्रेक ऑइल पेंट खातं. सांडलं तर लगेच पाणी ओतायचं, पाण्याने निघून जातं.

ब्रेकच्या टाकीच्या झाकणाचे ते दोन चार-फुली स्क्रू सांभाळून. साध्या पेचकसाने त्यांचं डोकं हमखास घसरतं. बरोबर मापाचा बिट लाव, आधी हातोडीने वरून दोन टिचक्या मार, मग खाली जोरात दाबून फिरव.

घोडबंदरचा_बबन

सी-क्लॅम्प नाहीये माझ्याकडे. रविवारी करायचंय, मुंबईत नागदेवीच्या हत्यार बाजारात जाऊन यायला वेळ नाही.

रिटायर्ड_फिटर_रबाळे

माझा घेऊन जा. महापेहून येताना रस्त्यातच आहे रबाळे. मेसेज कर. पितळेची तार पण देतो वाकवून.

तेलकट_हात_नेरूळ

आणि खरेदीची यादी: सील किट (दोन्ही प्रकारची सील आहेत ना मोजून घे, चार पाहिजेत), होजच्या बोल्टचे नवीन वॉशर दोन, पिनांचे रबरी बूट फाटले असतील तर ते, डॉट ४ ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस. साधं पिवळं चाकाचं ग्रीस पिनांना लावलं की बूट फुगतात आणि पिना परत जाम. सीलना ताजं ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीस. पॅडवर आधीच ऑइल सांडलेलं असेल तर पॅड पण नवीन, जाळून-बिळून साफ होत नाहीत ते. टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच ऑइल. डॉट ५ म्हणजे सिलिकॉनवालं, ते डॉट ४मध्ये मिसळायचं नाही, नंबर मोठा म्हणून चांगलं असं नसतं.

जुनं ऑइल चहासारखं झालं होतं म्हणालास, म्हणजे पाणी प्यायलंय. ताज्या डॉट ४चा उकळबिंदू किमान २३० अंश असावा लागतो आणि पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत खाली आला तरी ते नियमात बसतं. माळशेज उतरताना ७५ अंशांचा हा फरक लिव्हरमध्ये कळतो, हँडलला टेकते ती. दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी फिरो न फिरो.

घोडबंदरचा_बबन

रिपोर्ट देतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

शनिवारी फिटर काकांकडून क्लॅम्प आणि तार घेतली (काकूंनी पोहे खाऊ घातले, थँक्यू). रविवारी सकाळी साडेसहाला पोडियमवर बसलो. बोल्ट आधी ढिले करून घेतले, बँजोला पान्यावर पाय द्यावा लागला, खाली काढून हे कधीच झालं नसतं. टेस्टच्या वेळी सुटलेला एअरचा निपल मात्र आज हलेना, बहुतेक मीच तेव्हा जास्त आवळला होता. ओपन पाना लावला तर कडा गोल व्हायला लागल्या म्हणून थांबलो, वर जाऊन रिंग पाना आणला, डब्ल्यूडी-४० मारून अर्धा तास ठेवला, आधी किंचित आवळायच्या दिशेने आणि मग उलटा, टक् करून सुटला. तो टक् ऐकून पोटात गोळा आला होता, वाटलं तुटला.

पिना काढल्या. एक सुरळीत, दुसरी कोरडी ठणठणीत, त्यावर ग्रीसचा काळा डांबरासारखा थर. म्हणजे कॅलिपर सरकत पण नव्हता नीट.

लिव्हर मारायला लागलो तर अनघाताई म्हणाल्या तस्संच, वरचा पिस्टन लगेच पळाला आणि खालचा ढिम्म. फळी आणि क्लॅम्प लावून वरचा दाबला, मग दाब, दाब, टाकीत ऑइल ओत, परत दाब. एकवीस वेळा मोजलं मी. बाविसाव्याला करकर आवाज करत खालचा हलला. बाहेर आल्यावर बघितलं तर पिस्टन शाबूत, बाहेरच्या कडेला थोडे डाग, सीलच्या पट्ट्यावर नख कुठेच अडकलं नाही.

आणि आता खाच. वरच्या पिस्टनच्या धुळीच्या खाचेत थोडीशी भुरकट पावडर. खालच्या खाचेत, काका, मी फोटो काढायला पाहिजे होता. खालच्या बाजूला, जिथे पाणी साठून राहत असणार, तिथे बोटभर लांब पांढरा दगडच झाला होता, दाताच्या किटणासारखा. गेल्या वर्षीचं सील त्याच्यावरच बसवलेलं, सीलवर त्या जागी चक्क दाबल्याची चपटी खूण होती. तारेने खरवडायला लागलो तर आधी काही निघेना, मग एकदम खपली सुटली आणि आत चमकदार ॲल्युमिनियम दिसलं, लहानपणी गुडघ्याची खपली काढल्यावर यायचा तसा आनंद झाला. नवीन सील कोरडं घालून फिरवलं, एका ठिकाणी उंच लागलं. परत कोरलं. परत उंच. तिसऱ्यांदा कोपऱ्यातला मुगाच्या दाण्याएवढा खडा निघाला आणि मग सील गरागरा फिरलं.

सव्वादहाला सेक्रेटरी काका आलेच. मी माफी मागायच्या तयारीत होतो पण ते वाकून म्हणाले, "माझ्या स्कूटरचा पण ब्रेक बघशील का रे?" मग दहा मिनिटं उभे राहून बघत होते.

पिस्टन ताज्या ऑइलमध्ये बुडवून अंगठ्याने दाबले, दोन्ही सरळ आत गेले, कुठे ठोकावं लागलं नाही. होज जोडला, नवीन वॉशर, टॉर्क पाना ऑफिसातल्या मित्राचा.

आता अडलोय तो एअर काढण्यावर. दोन तास झाले, लिव्हर स्पंजसारखीच. नळीत बुडबुडे दिसायचे बंद झालेत तरी लिव्हर निम्म्यापर्यंत जाते.

तेलकट_हात_नेरूळ

क्रम बरोबर आहे ना? लिव्हर दाबून धर, निपल उघड, लिव्हर खाली जाईल, ती खाली असतानाच निपल बंद कर, मग लिव्हर सोड. आधी सोडली की नळीतून परत ओढतं सगळं.

कॅलिपर पूर्ण रिकामा झाला होता त्यामुळे वरून ढकलण्यापेक्षा खालून वर भर. हवा वरच जाते, तिला तिच्या वाटेने जाऊ दे. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आण, नळी लावून निपलमधून ताजं ऑइल हळूहळू वर ढकल (सिरिंजच्या नळीत आधी ऑइल भरून घे, हवा नको), टाकी भरत आली की वरून दुसऱ्या सिरिंजने उपस. मधून मधून होजला आणि बँजोला पेचकसाच्या दांड्याने टिचक्या मार, तिथल्या वळणात बुडबुडे चिकटून बसतात. शेवटी लिव्हर सायकलच्या ट्यूबने आवळून हँडलला बांधून रात्रभर ठेव, उरलीसुरली बारीक हवा सकाळपर्यंत मास्टरपर्यंत चढते आणि लिव्हर सोडली की टाकीत निघून जाते.

आणि एक सांगतो, हसू नका. मी पहिल्यांदा कॅलिपर केला तेव्हा सगळं चकाचक बसवलं, गाडी सुरू केली आणि आमच्या बिल्डिंगच्या रॅम्पवरून खाली निघालो. पिस्टन पूर्ण आत दाबलेले, लिव्हर मारून ते पॅडपर्यंत आणायचे विसरलो. पहिल्यांदा लिव्हर दाबली तर सरळ हँडलला टेकली, ब्रेक शून्य. मागच्या ब्रेकने आणि वॉचमनच्या खुर्चीने गाडी थांबली. वॉचमन खुर्चीत नव्हता म्हणून आज हे लिहितोय. तेव्हा गाडीवर बसायच्या आधी स्टँडवरच लिव्हर मारत राहा, कडक लागेपर्यंत.

अनघा_ऐरोली

खुर्चीचं काय झालं? 😄

तेलकट_हात_नेरूळ

नवीन घेऊन दिली. त्या पैशात दोन सील किट आली असती.

राईडर_कळवा

एबीएसवाल्या गाडीला पण हेच सगळं चालेल का? माझी २०२१ची आहे.

रिटायर्ड_फिटर_रबाळे

कॅलिपरचं काम तेच. पण एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांमध्ये ती नुसती लिव्हर मारून निघत नाही, कॉम्प्युटर लावून आतला पंप फिरवावा लागतो. म्हणून टाकी कोरडी पडू द्यायची नाही, आणि होज सोडवलास की लगेच तोंड बंद कर. पहिल्यांदाच करणार असशील तर तुझी गाडी प्रयोगाला घेऊ नकोस.

राईडर_कळवा

नाही घेत. मी बबनची बघायला येतो.

घोडबंदरचा_बबन

सिरिंजने खालून भरलं. बँजोला टिचक्या मारल्यावर टाकीत एक मोठा बुडबुडा डुबुक करून वर आला आणि लिव्हर तिथेच अर्धी कडक झाली. रात्रभर ट्यूबने बांधून ठेवली, सकाळी दगड. स्टँडवर चाक हाताने फिरवलं तर साडेतीन फेऱ्या फिरलं, आधी पाव पण फिरत नव्हतं. पोडियमवरच चालण्याच्या वेगाने दहा-बारा वेळा ब्रेक मारून बघितला, बोल्टना एकदा परत पाना लावला, कुठे ओल नाही. मग सर्व्हिस रोडला.

आज चौथा दिवस. घोडबंदर रोडचे सिग्नल, कळवा ब्रिज, सगळी ट्रॅफिक धरून महापेला पोचलो, उतरून डिस्कजवळ हात नेला (शिवू नका, नुसता जवळ न्या) तर कोमट. पाण्याचा थेंब टाकला, तो तसाच ओघळून खाली गेला.

फिटर काका, क्लॅम्प शनिवारी आणून देतो. सेक्रेटरी काकांच्या स्कूटरचं पण कबूल करून बसलोय, तिला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रमच आहेत.

रिटायर्ड_फिटर_रबाळे

क्लॅम्प आण आणि ब्रेक शूची स्प्रिंग काढायची पकड घेऊन जा. साध्या पकडीने ती स्प्रिंग डोळ्यात जाते.